गाळलेले निरोप

म्हातारी रेडिओ केंद्राच्या पायऱ्या चढून आली तेव्हा पहाटेचे निरोप वाचून झाले होते. राइदेर पाकाया ओट्यावर पाय सोडून पिकल्या केळ्यांची पेज पीत बसला होता, आणि तेओलिंदा आत कागद आवरत होती. म्हातारीने तांदळाचे एक पोते दोन्ही हातांनी छातीशी धरले होते, आजारी कोंबडी धरावी तसे.

"रेडिओवाले तुम्हीच ना?"

"आम्हीच, आजी. निरोप पाठवायचाय का?"

"निरोप नाही. तक्रार आहे." तिने पोत्यातून एक जुना रेडिओ काढला. मागचे झाकण तुटलेले, त्याला रबरी पट्टी गुंडाळलेली. तो तिने राइदेरच्या मांडीशेजारी ठेवला. "हा माझ्या पोराचं नाव गिळतो."

राइदेरने वाडगा खाली ठेवला. "रेडिओ बॅटऱ्या खातो हे माहीत होतं. नावं खाणारा हा पहिलाच."

"हस, बाबा, हस. आवाजावरनं ओळखलं मी तुला. अमक्याची डुकरीण व्याली, तमक्याच्या सासूला मूतखडा झाला, सकाळी सकाळी सगळं सांगतोस. माझ्या गिल्मेरचं तेवढं सांगत नाहीस. दोन वर्षं झाली. हा दोनदा दुरुस्त करून आणला. झाडाच्या शेंड्यापर्यंत तार चढवली. शेजारणीच्या रेडिओवर तिच्या मुलीचे निरोप येतात, दर महिन्याला येतात. मग खोट ह्याच्यात आहे का तुमच्यात, तेवढं सांगा म्हणजे मी परत जाते."

तेओलिंदा कमरेच्या फडक्याला हात पुसत बाहेर आली. ती पन्नाशीची, बारीक आवाजाची बाई. तिचे बोलणे ऐकायला माणसाला थोडे पुढे वाकावे लागे.

"बसा, मावशी. कुठून आलात?"

"नुएवो पोर्वेनीर. सापोते ओढ्याच्या वर. दोन दिवस होडीत बसून कंबरडं मोडलं."

"आणि नाव?"

"ओर्फा मुरायारी. पोरगा गिल्मेर इनुमा. बापाचं आडनाव, बाप देवाघरी गेला."

नाव कुठेतरी ऐकल्यासारखे तेओलिंदाला वाटले. पण त्या नदीवर अर्धे लोक मुरायारी होते, आणि ऐकल्यासारखी तर सगळीच नावे वाटत.

केंद्र होते त्या सान रोमान गावाच्या वर नदीकाठी टेलिफोन पोचला नव्हता. शहरात कामाला गेलेली माणसे तिथल्या चर्चच्या कचेरीत जात, दोन ओळींचा निरोप लिहून देत, आणि संध्याकाळपर्यंत तो सान रोमानच्या संगणकात येऊन पडे. पहाटे पाचला राइदेर ते निरोप वाचायचा. नदीच्या दोन्ही काठांवर चुली पेटायच्या वेळेला घराघरातून त्याचाच आवाज. कुणाचा मुलगा येतोय, कुणी पैसे पाठवलेत, कुणाला लाँचवर घ्यायला होडी पाठवायची, सगळ्या नदीला सगळ्यांचे माहीत.

संगणक शाळेने टाकून दिलेला होता. चर्चमध्ये राहून गेलेल्या एका धर्मबंधूने त्यावर लिनक्स चढवून तो चालता केला, आणि जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या तेओलिंदाला शेजारी बसवून शिकवले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. चित्र नाही, बाण नाही. सगळे निरोप साध्या मजकुराच्या फायलींत, एका ओळीत एक निरोप. त्यातले काही शोधायचे तर 'ग्रेप' लिहायचे, पुढे हवा तो शब्द, त्यापुढे फाइलचे नाव. ज्या ओळींत तो शब्द असेल त्या ओळी ग्रेप काढून समोर ठेवी. उलट मागितले तर त्या सोडून बाकीच्या ठेवी. तेओलिंदाला ते आवडे. पहाटे चारला उठून ती जपमाळ करी, मग प्रार्थना न मोडता, तोंडात अजून 'मेरी माते' असतानाच, संगणक चालू करून निरोपांची पाने काढी. शुक्रवारी ती पाण्यात भिजवलेल्या, कसावा कंदाच्या भाजक्या किसावर राही, बाकी काही तोंडात घालत नसे. राइदेर तिला म्हणायचा, "ताई, तुमचा उपास संगणकालाही लागू आहे का? शुक्रवारी हळू चालतो."

तिने म्हातारीला आत नेऊन खुर्चीवर बसवले आणि वाचून झालेल्या निरोपांच्या फायलींत शोध घेतला. दोन वर्षांच्या फायली. 'गिल्मेर इनुमा.'

पडद्यावर काहीच आले नाही.

ग्रेपची ही रीत तेओलिंदाला पहिल्यापासून बोचायची. मिळाले तर ते ओळ देते. मिळाले नाही तर 'नाही' एवढेसुद्धा म्हणत नाही. नुसती पुढची रिकामी ओळ येते आणि चौकट लुकलुकत राहते, जणू तुम्ही काही विचारलेच नव्हते.

तिने नुसते 'गिल्मेर' घालून पाहिले. दोन आले, दुसरेच कुणी. अक्षरे लहान-मोठी कशीही चालतील असे सांगून पाहिले. 'पोर्वेनीर' घालून पाहिले. त्या गावाचे निरोप बरेच होते, शेजारणीच्या मुलीचेही होते. गिल्मेरचा एकही नव्हता.

"आहे का?" म्हातारीने विचारले.

"आम्ही वाचलेल्यात तरी नाही, मावशी."

"म्हणजे रेडिओ बरा आहे."

"रेडिओ बरा असेल."

म्हातारी थोडा वेळ आपल्या तळव्यांकडे पाहत बसली. कसावा किसून किसून तळव्यांवर पांढरे घट्टे पडले होते. "त्याआधी, तो गेला त्या पहिल्या वर्षी, दोनदा निरोप आला होता त्याचा," ती म्हणाली. "लाकडाच्या तराफ्यावर होता तेव्हा. मग वाटलं, रेडिओच बिघडला असेल. लोक म्हणायचे, ओर्फा, पोरगं विसरलं तुला. मी म्हणायची, पोरगं नाही विसरलं, यंत्र बिघडलंय." ती उठली. "चला. दवाखान्यात कंबर दाखवून येते. एवढी आलेच आहे तर."

रेडिओ तिने नेला नाही. तो ओट्यावर तसाच राहिला.

तिची पाठ वळल्यावर राइदेर म्हणाला, "ताई, खोटं बोलायचं होतं. एखादी ओळ लिहून टाकायची. 'मी बरा आहे, काळजी नको.' मी वाचली असती, अगदी गळा भरून वाचली असती."

"असलं बोलू नकोस, राइदेर."

"तुम्हाला पाप लागेल म्हणून नाही बोललात. म्हातारीचं काय झालं ते बघा."

तेओलिंदा पुन्हा पडद्यासमोर बसली. म्हातारीचे ते 'म्हणजे रेडिओ बरा आहे' तिच्या डोक्यातून जात नव्हते. आणि मग, दुपारची घंटा होण्याच्या सुमारास, तिच्या लक्षात आले की आपण शोधले ते वाचलेल्या निरोपांत. आलेल्या निरोपांत नाही.

आलेले आणि वाचलेले, यांच्यामध्ये एक गाळणी होती, आणि ती तिनेच बसवली होती.

तिचे कारण चांगले होते. तीन वर्षांमागे एका पहाटे राइदेरने एका बाईच्या नावाने निरोप वाचला होता, तिच्या मुलीने शहरातून पाठवलेला: आई, तुझ्यासाठी चपला घेतल्यात. बाईला पुरून आठवडा झाला होता. घरात नऊ दिवसांची प्रार्थना चालू असताना रेडिओतून तिचे नाव आले, आणि तिचा नवरा जागीच कोसळला. तेव्हापासून तेओलिंदाने एक फाइल ठेवली. नदीवर कुणी वारले की त्या गावातला प्रार्थना सांगणारा तिला कळवी, ती त्या माणसासाठी एक जपमाळ करी आणि त्याचे नाव फाइलीत लिही. रोज पहाटे ग्रेपला ती सगळी नावे देऊन ती उलटी मागणी करी: यांतले कुणाचेही नाव ज्यात आहे ती ओळ सोड, बाकीच्या दे. उरलेल्या ओळी राइदेरच्या हातात जात. गाळलेल्या ओळी आपोआप जिथून आल्या त्या कचेरीकडे परत जात, आणि सोबत तेओलिंदाने स्वतः बसून, चार वेळा खोडून, शक्य तितक्या मायेने लिहिलेले एक वाक्य जाई: 'ज्यांच्या नावे आपला निरोप आहे ते देवाच्या घरी गेले आहेत, आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली आहे, आपले दुःख आमचेही आहे.'

फाइलीत ती नुसते नाव लिही. गाव नाही. पहिल्यांदा गावही लिहायची. पण निरोप देणारे गावाचे नाव कधी अर्धे लिहीत, कधी ओढ्याचे लिहीत, कधी लिहीतच नसत, आणि मग गाळणीतून मेलेल्या माणसाचे नाव निसटून राइदेरच्या तोंडी येई. म्हणून तिने गावे काढून टाकली होती.

तिने आलेल्या निरोपांच्या फायलींवर ग्रेप चालवले. 'गिल्मेर इनुमा.'

तीन ओळी आल्या.

तिने वाचल्या नाहीत. आधी वारलेल्यांच्या फाइलीत 'ओर्फा मुरायारी' शोधले, आणि ते नाव लगेच समोर आले, तिच्याच हाताने लिहिलेले. आता तिला आठवले. सांता एलेना गावची ओर्फा मुरायारी. बावीस-तेवीसची पोर, बाळंतपणात गेली होती, मूलही गेले होते. तिच्यासाठी तेओलिंदाने एक नाही, दोन माळा केल्या होत्या. ओर्फा हे नाव काही फार कुणाचे नसते, असेही तेव्हा तिच्या मनात येऊन गेले होते.

मग तिने त्या तीन ओळी वाचल्या.

'सापोते ओढा, नुएवो पोर्वेनीर, ओर्फा मुरायारी यांस: मुलगा गिल्मेर इनुमा कळवतो, पुकाल्पा शहरात लाकूड कापायच्या गिरणीत लागलो आहे, तब्येत बरी आहे. नाताळला नक्की येतो. कोंबड्या विकू नकोस, आल्यावर खाऊ.'

दुसरी ओळ आठ दिवसांनंतरची होती.

'नुएवो पोर्वेनीरच्या शाळामास्तरांस: गिल्मेर इनुमा विचारतो, माझी आई ओर्फा मुरायारी वारली असे मला कळवले आहे, ते खरे आहे का. कशाने गेली. जवळ कोण होते. कृपा करून कुणीतरी कळवा, मी रोज कचेरीत येऊन बसतो.'

यातही आईचे नाव होते. म्हणजे हीही ओळ गाळली गेली होती. आणि रोज कचेरीत येऊन बसणाऱ्या पोराच्या हातात कुणीतरी पुन्हा तेच मायेचे वाक्य ठेवले होते.

तिसरी ओळ नाताळनंतरची.

'ओर्फा मुरायारी हिला ज्यांनी मूठमाती दिली त्यांस: गिल्मेर इनुमा तुमचे उपकार मानतो. घर आणि कोंबड्या जिने तिचे शेवटचे केले तिला द्याव्यात. मला आता वर येण्याचे कारण राहिले नाही. ब्राझीलकडे सोन्याच्या कामावर जातो आहे.'

तेओलिंदाचे हात अक्षरांवरून उचलले गेले आणि तिला ते कुठे ठेवावेत ते कळेना. राइदेर मागे येऊन उभा राहिला होता. तो वाचत गेला तसा त्याच्या चेहऱ्यावरचा मिस्कीलपणा उतरत गेला.

"आई गं," तो म्हणाला. मग, "ताई, ऐका माझं. सांगायचं तर सांगा, पण आपल्याकडून झालं म्हणू नका. शहरातल्या कचेरीत घोळ झाला म्हणा. ती काय बघायला जाणार आहे?"

"मी लिहिलंय ते नाव."

"मुद्दाम नाही लिहिलं."

"मी तिला पुरलं, राइदेर. दोन माळा करून पुरलं."

म्हातारी दवाखान्यातून परतली ती कमरेला मलमाचा वास घेऊन. तेओलिंदाने तिला सगळे सांगितले. गाळणी, यादी, सांता एलेनाची ती पोर, परत गेलेले वाक्य. एकही गोष्ट सोडली नाही. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की म्हातारीने दोनदा "काय?" म्हणून विचारले. मग तिने त्या तीन ओळी वाचून दाखवल्या.

म्हातारीने आधी एकच गोष्ट ऐकली.

"म्हणजे पाठवला होता," ती म्हणाली. "विसरला नव्हता." तिचे तोंड उघडले आणि समोरचे दोन दात दिसले, ती हसत होती. "बघ! मी सांगत होते त्या शेजारणीला. रोज कचेरीत येऊन बसतो म्हणतोय? परत वाच ते. कोंबड्यांचं वाच."

तेओलिंदाने परत वाचले.

"मी विकल्या की गं कोंबड्या. हा रेडिओ दुरुस्त करायला विकल्या." ती हसली आणि हसता हसता थांबली. "आणि मग मी मेले म्हणून तो गेला."

"हो, मावशी."

"मी कशाने मेले म्हणून कळवलंत?"

"कशाने ते नाही कळवलं. नुसतं..."

"निदान चांगल्या आजाराने तरी मारायचं होतं. पोराने विचारलंय, जवळ कोण होतं. कोण होतं जवळ, सांग ना? तू होतीस?"

तेओलिंदा गुडघ्यांवर खाली बसली आणि म्हातारीच्या पायांना तिने हात लावला. म्हातारीने पाय मागे घेतला. "ऊठ," ती म्हणाली. "माझ्यासमोर नको असली नाटकं. मी काय मूर्ती आहे? त्याला शोध. त्याला तूच हरवलंस ना, मग शोध तूच."

त्याच दुपारी निरोप गेला. ब्राझीलच्या हद्दीपासून आत, जिथे नदीतून सोने उपसणारे तराफे असतात त्या बाजूच्या जेवढ्या चर्चचे पत्ते मिळाले तेवढ्यांना. मजकूर म्हातारीने सांगितला आणि तेओलिंदाने अक्षर बदलले नाही: 'गिल्मेर इनुमा यास: तुझी आई ओर्फा जिवंत आहे. रेडिओवाल्या बाईने चूक केली. मी मेले नव्हते, नुसती वाट बघत होते. ये.'

उत्तर येईपर्यंत म्हातारी तेओलिंदाकडेच राहिली. परत जाऊन काय करू, ती म्हणाली, तिकडे रेडिओच ऐकायचा, तो इथे ऐकते. ती तेओलिंदाच्या स्वयंपाकघरात शिरली आणि सगळ्याला नावे ठेवू लागली. मासा असा भाजतात का, केळ्याच्या पानात नीट गुंडाळावा तरी. कसावा किती जाड. पहाटे तेओलिंदा माळ घेऊन बसली की म्हातारी टांगलेल्या झोळीत पडल्या पडल्या म्हणे, "एवढी रोज बोलतेस त्याच्याशी. नदीवर ओर्फा दोन आहेत, एवढं नाही सांगितलं त्याने तुला?" तेओलिंदा मणी पुढे सरकवी. कधी म्हातारीच थोड्या वेळाने झोळीतून पुढची ओळ म्हणू लागे, कारण ओळ अर्धी सोडणे तिलाही बरे वाटत नसे.

वारलेल्यांची यादी तेओलिंदाने पहिल्याच दिवशी बंद केली. आता ती आलेला प्रत्येक निरोप डोळ्यांनी वाचत होती, आणि ज्या नावाची शंका येई त्याच्या गावी माणूस पाठवून विचारत होती. पहाटेचे काम दुपटीने वाढले. आणखी कुणाकुणाचे निरोप असे गेले असतील या धास्तीने तिने तीन वर्षांचे गाळलेले निरोप उपसून काढले. दुसरा कुणी जिवंत त्यात सापडला नाही. त्यामुळे तिला हलके वाटायला हवे होते, ते वाटले नाही.

रोज निरोप आले की ती आधी ग्रेपला एकच नाव देई. रोज रिकामी ओळ. म्हातारी तिच्या खांद्यावरून पाहायची. वाचता येत नव्हते तिला, पण रिकामी ओळ कशी दिसते ते ती दोन दिवसांत शिकली होती.

"आज पण गप्पच बसलं का तुझं ते?"

"आज पण."

"तराफ्यावरची माणसं रविवारीच गावात येतात," राइदेर सांगे. त्याला त्यातले काहीही माहीत नव्हते. "आणि आजी, तिकडची भाषा वेगळी. तुमचा निरोप आधी त्यांना कळायला पाहिजे."

"'ये' कळायला काय भाषा लागते रे?"

राइदेर तिला दुपारी धक्क्यावर नेई, लाँच येताना पाहायला. उतरणाऱ्या प्रत्येक तरण्या माणसाकडे बोट दाखवून तो म्हणे, "हा चालेल का? हा जरा जाड आहे." म्हातारी त्याला काठीने ढोसायची. त्या दिवसांत तिने गिल्मेरसाठी एक गोधडी शिवायला घेतली, तेओलिंदाच्या जुन्या कपड्यांची, आणि विचारल्याशिवाय तिचा एक चांगला झगाही कापला. तेओलिंदाने पाहिले आणि कात्रीला नीट धार लावून आणून दिली.

उत्तर आले ते एका शुक्रवारी. तेओलिंदाने नाव दिले, आणि रिकाम्या ओळीची इतकी सवय झाली होती की समोर ओळ उमटल्यावरही तिला क्षणभर ती दिसली नाही. एकच ओळ होती, लांबलचक. ब्राझीलमधल्या मादेइरा नदीकाठच्या एका चर्चमधल्या जोगिणीने लिहिली होती.

'गिल्मेर इनुमा इथे तराफ्यावर काम करत होता. गेल्या मे महिन्यात रात्रपाळीत पाण्यात पडला, दुसऱ्या दिवशी मिळाला. आम्ही त्याला इथेच पुरले आहे, क्रॉसवर नाव आहे. कामावर लागताना त्याने सांगितले होते की कळवायला कुणी नाही, आई वारली, म्हणून आम्ही कुणाला कळवले नाही. तिच्या नावाने तो दर महिन्याला प्रार्थना करवून घेत असे. त्या माऊलीची क्षमा मागते.'

त्या पहाटे निरोप उशिरा वाचले गेले. राइदेरच्या आवाजाला काय झाले म्हणून नदीवरच्या लोकांनी नंतर विचारले.

तेओलिंदा घरी गेली तेव्हा म्हातारी दारात बसून गोधडीचा काठ दुमडत होती. तिने वर पाहिले, आणि तेओलिंदाला काही बोलावे लागले नाही. तरी ती बोलली. ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, कारण तीन निरोप गाळल्यानंतर या बाईपासून आणखी एक अक्षर गाळण्याचा आपल्याला हक्क नाही असे तिला वाटत होते.

म्हातारी रडली नाही. सुईतला दोरा तिने दातांनी तोडला, सुई आपल्या झग्याच्या छातीवर खोचली. तेओलिंदाच्या कोंबड्यांसाठी टाकलेला कसावा मुंग्या ओढून नेत होत्या, त्यांच्याकडे ती पाहत राहिली. मग तिने विचारले,

"मेल्यावर माणूस आपल्या माणसांकडे जातो ना? तू धर्माचं वाचलंयस. जातो ना?"

"जातो, मावशी."

"मग तो तिकडे गेला. आणि मी तिथे आहे असं धरून गेला." तिचा आवाज पहिल्यांदाच तेओलिंदाइतका बारीक झाला. "बाप भेटला असेल. पण तो मला शोधत असेल. सगळीकडे विचारत फिरत असेल. लहानपणी बाजारात हरवला होता तेव्हा असाच, रडला नाही, नुसता प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत फिरला. आता तिथे कोण सांगणार त्याला?"

तेओलिंदाला धर्माचे पुष्कळ माहीत होते. कुठल्या दुःखाला कुठली प्रार्थना, कुठल्या संताला काय सांगायचे. इथे त्यातले काहीच लागू नव्हते.

"तिथे सांगत असतील," ती म्हणाली. "कोण आलंय, कोण अजून यायचंय. आल्या आल्या सांगत असतील."

"कोण सांगतं? तुझ्यासारखं कुणी?"

घरामागे कुणाच्या तरी होडीचे इंजिन फटफटत सुरू झाले आणि नदीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत दोघी ते ऐकत राहिल्या.

मग म्हातारी दाराला धरून उठली. आत जाऊन मेरीमातेच्या मूर्तीपुढे, जिथे तेओलिंदा रोज बसे तिथे, चटईवर बसली. कंबर दुखत होती म्हणून तिला गुडघ्यांवर टेकता येईना. ती पाय एका बाजूला घेऊन बसली.

"ये," ती म्हणाली. "तुला सवय आहे. तू सांग."

तेओलिंदा तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. क्रॉसचे चिन्ह केले, माळ हातात घेतली, आणि मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना सुरू केली. 'हे प्रभू, तुझा दास गिल्मेर याच्या आत्म्यास...'

म्हातारीने तिचे मनगट धरले.

"असं नको. पूर्ण नाव सांग. आणि गाव सांग. नाहीतर दुसऱ्याच कुणाला मिळायचं."

तेओलिंदाने पुन्हा सुरुवात केली. "हे प्रभू, तुझा दास गिल्मेर इनुमा मुरायारी, राहणार नुएवो पोर्वेनीर, सापोते ओढा..."

"वरच्या अंगाला," म्हातारी म्हणाली. "तिसरं घर. आणि सांग, आई जिवंत आहे. शोधू नको म्हणावं. बापापाशी बस. मी येते."

तेओलिंदाने तेही सांगितले, एकेक शब्द, जसा म्हातारीने सांगितला तसाच.